एक रुपयाच्या नोटेवरचं जहाज आणि आपल्या शेतातला बोअर : जमिनीखालची माहिती कोणाची?



आजचा पाठ एका नोटेपासून सुरू करू. घरात कुठे एक रुपयाची नोट असेल तर काढून बघा. आहेराच्या पाकिटात, देवघरात, नाहीतर आजीच्या बटव्यात हमखास सापडते. २०१५ पासून ती पुन्हा छापली जाऊ लागली. नोटेच्या मागच्या बाजूला समुद्रात उभा असलेला एक सांगाडा दिसतो. मुलांना विचारलं की उत्तरं येतात, "सर, ते जहाज आहे", "सर, ती क्रेन आहे", एकाने तर "मोबाईल टॉवर" असंही सांगितलं.

ते आहे 'सागर सम्राट'. समुद्रात तेलाची विहीर खोदणारं यंत्र होतं ते. आपल्या भाषेत सांगायचं तर समुद्रातली बोअरची गाडी! फरक एवढाच, की आपल्याकडे येणारी गाडी चाकांवर येते आणि सागर सम्राट पाण्यावर तरंगत जाऊन, पाय समुद्राच्या तळावर रोवून उभा राहायचा.

परभणीपासून समुद्र जवळपास चारशे किलोमीटर लांब. मग आपल्या मुलांना हे कशासाठी शिकवायचं? मलाही आधी हाच प्रश्न पडला होता. पण वर्गात घडलेल्या एका प्रसंगाने त्याचं उत्तर दिलं.

वर्गातला प्रसंग

आठवीतला एक मुलगा चार दिवस शाळेत आला नाही. आल्यावर विचारलं तर म्हणाला, "सर, बोअर घेत होतो. तिसरा पण फेल गेला." वडिलांनी उसनवारी करून पैसे उभे केले होते. पाणाड्याने हातावर नारळ धरून जागा दाखवली, गाडी आली, रात्रभर धुरळा उडाला आणि सकाळी हाती आली ती फक्त राखाडी भुकटी.

खरी गोष्ट पुढेच आहे. शेजारच्या बांधावर, जेमतेम दोनशे पावलांवर, सहा वर्षांपूर्वी दुसऱ्या एका शेतकऱ्यानेही बोअर घेतला होता. तोही कोरडाच गेला होता. किती फुटांवर काळा पाषाण लागला, मध्ये लाल गेरूचा थर कुठे आला, ओल कुठे दिसली, हे सगळं त्या रात्री गाडीवाल्याला आणि मालकाला माहीत होतं. पण ते कोणी लिहून ठेवलं नाही. मालक पुढे पुण्याला गेला, गाडीवाला परराज्यातला, तो तर दुसऱ्याच दिवशी निघून गेला. माहिती होती, पण हरवली. आणि त्या हरवलेल्या माहितीची किंमत या मुलाच्या बापाने मोजली.

आता हाच प्रश्न समुद्रात नेऊन बघू. तिथे एकेका विहिरीचा खर्च कोटींमध्ये जातो. तिथे कोरड्या गेलेल्या विहिरीची माहिती कुठे जाते? ती कोणाच्या मालकीची? आणि तुम्हा-आम्हाला ती बघता येते का?

मुंबई हाय : आधी माहिती, मग तेल

मुंबई हाय हे नाव भूगोलाच्या पुस्तकात येतं, मुलं पाठ करतात आणि विसरतात. त्यामागची गोष्ट सांगितली तर मात्र विसरत नाहीत.

१९६० च्या दशकात एका सोव्हिएत संशोधन जहाजावरून खंभातच्या आखाताच्या परिसरात सर्वेक्षण चालू होतं. त्या सर्वेक्षणात समुद्रतळाखाली खडकांचा एक मोठा उंचवटा असल्याचं दिसलं. लक्षात घ्या, तेव्हा तेल कोणीच पाहिलं नव्हतं. हातात होत्या फक्त कागदावरच्या रेघा. त्या रेघांवर विश्वास ठेवून पुढची पावलं पडली. जपानमध्ये १९७३ साली सागर सम्राट बांधून तयार झाला आणि फेब्रुवारी १९७४ मध्ये मुंबईच्या किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर आत, समुद्राच्या पोटात तेल लागलं. मे १९७६ मध्ये प्रत्यक्ष उत्पादन सुरू झालं. तेल आणि नैसर्गिक वायू आयोग, म्हणजे आपली ओएनजीसी, ही संस्था १९५६ सालची. तिच्या इतिहासातला हा सगळ्यात मोठा टप्पा.

म्हणजे क्रम बघा : आधी सर्वेक्षण, मग माहितीचा अर्थ लावणं, मग विहीर, आणि शेवटी तेल. आपण मात्र नेहमी शेवटचीच पायरी शिकवतो.

सर्वेक्षण म्हणजे नेमकं काय?

मुलांना विचारा, कलिंगड पिकलंय का हे कसं ओळखता? टिचकी मारून. मडकं पक्कं आहे का? बोटाने वाजवून. खोल विहिरीत हाक मारली की आवाज परत येतो. भूकंपीय सर्वेक्षणाचं तत्त्वही हेच.

जहाजामागे दाबाखालच्या हवेच्या तोफा असतात. त्या ठराविक वेळाने पाण्यात हवेचा जोरदार झोत सोडतात. त्यातून निर्माण झालेली ध्वनिलहर पाण्यातून खाली जाते, समुद्रतळावर आदळते, काही भाग परत फिरतो, काही भाग खडकात शिरतो. पुढच्या थरावर पुन्हा तसंच. परत आलेले हे प्रतिध्वनी जहाजामागे ओढल्या जाणाऱ्या लांबच लांब केबलमधले श्रवणयंत्रासारखे ग्राहक टिपतात. कोणता प्रतिध्वनी किती वेळाने आला यावरून खालच्या थरांचं चित्र तयार होतं.

वर्गात सोडवण्यासाठी एक सोपं गणित. मुंबई हायच्या भागात समुद्राची खोली साधारण ७५ मीटर आहे. पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण १५०० मीटर. तर समुद्रतळावरून प्रतिध्वनी परत यायला किती वेळ लागेल? जायला ७५ मीटर, यायला ७५ मीटर, एकूण १५० मीटर. १५० भागिले १५०० म्हणजे ०.१ सेकंद. डोळ्याची पापणी लवायच्या आत! नववीच्या मुलांना प्रतिध्वनीचं प्रकरण शिकवताना हे उदाहरण जरूर द्या.

पण सर्वेक्षण म्हणजे फक्त अंदाज. खात्री विहिरीतूनच होते. विहीर खोदताना चार-पाच प्रकारची माहिती मिळते :

१. खडकाचा चुरा : ठराविक अंतरावर वर आलेला चुरा तपासून, नोंदवून ठेवतात.

२. खडकाचा अखंड तुकडा : पोकळ छिन्नीने कापून काढलेला दंडगोल. यात खडकाची छिद्रं, भेगा, जीवाश्म सगळं दिसतं.

३. विहिरीतली मोजमापं : दोराला बांधलेली उपकरणं आत सोडून खडकाची किरणोत्सारिता, विद्युतरोध, घनता मोजतात. त्याचे लांबलचक आलेख तयार होतात.

४. दाब, तापमान, आणि काय किती वाहिलं याच्या चाचण्या.

५. शेवटचा अहवाल : विहीर कुठे, कधी, किती खोल, काय सापडलं किंवा काय सापडलं नाही.

यातला पाचवा मुद्दा ठळक करून सांगा. 'काय सापडलं नाही' हीसुद्धा माहितीच आहे. कोरडी विहीर पुढच्या माणसाला सांगते की बाबा, इथे नको, जरा पलीकडे बघ.

मग ही माहिती कोणाची?

समुद्रतळाखालचं तेल देशाचं, म्हणजे आपल्या सगळ्यांचं. कंपनी सरकारबरोबर करार करून तिथे शोध घेते. करारानुसार शोधातून निर्माण झालेल्या मूळ माहितीची मालकी सरकारकडे राहते. कंपनी ती वापरते, पण गिळून बसू शकत नाही, सरकारकडे जमा करावी लागते.

कागदावर हे ठीक. पण पूर्वी अडचण अशी होती की ही माहिती वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या स्वरूपात पडून असायची. चुंबकीय फिती, कागदी आलेखांच्या गुंडाळ्या, जुने अहवाल. फिती जुन्या झाल्या की खराब होतात. वाचणारी यंत्रंच बंद पडली तर फीत असून नसल्यासारखी. (आपल्या घरातल्या लग्नाच्या कॅसेटचं काय झालं ते आठवा!)

पेट्रोलियम मंत्रालयाच्या अखत्यारीत १९९३ साली हायड्रोकार्बन महासंचालनालय स्थापन झालं. त्यांच्याकडे आता राष्ट्रीय माहिती भांडार आहे, इंग्रजी आद्याक्षरांनी 'एनडीआर'. ते जून २०१७ मध्ये सुरू झालं. सुरुवातीलाच त्यात देशातल्या २६ गाळखडकांच्या खोऱ्यांची १६० टेराबाइट माहिती असल्याचं जाहीर झालं होतं. मुलांना अंदाज यावा म्हणून सांगा, आपल्या मोबाईलची साठवण १२८ जीबी धरली तर असे साधारण साडेबाराशे मोबाईल भरतील.

त्याच वेळी धोरणही बदललं. पूर्वी सरकार ठरवायचं की अमुक तुकडा लिलावात काढू. नवीन पद्धतीत कंपनीने माहिती बघायची, आपल्याला हवा तो भाग स्वतः आखायचा आणि अर्ज करायचा. त्यावर मग बोली लागते. आता ज्याला माहितीच दिसत नाही तो भाग आखणार कसा? म्हणून भांडार आणि धोरण एकत्र आले. भिंगाशिवाय सूक्ष्मदर्शक देऊन उपयोग नाही, तसंच हे.

सामान्य माणसासाठी हे भांडार वाचनालयातल्या उघड्या कपाटासारखं मात्र नाही. नोंदणी करावी लागते आणि मूळ माहिती घ्यायची तर परवानगी आणि शुल्काचा प्रश्न येतो. तरी 'माहिती आहे, एका जागी आहे आणि मागण्याचा एक रस्ता आहे' इथपर्यंत आपण आलो, हेही कमी नाही.

लपवायचं कशाला? दोन्ही बाजू समजून घेऊ

मुलांना लगेच वाटतं, लपवणारा म्हणजे वाईट. तसं नाही. कंपनीची बाजू ऐका. तिने कोट्यवधी रुपये घालून विहीर खोदली. दुसऱ्या दिवशी सगळी माहिती जाहीर केली तर शेजारचा प्रतिस्पर्धी एक पैसा न घालता फायदा घेईल. मग पहिला धोका पत्करणार कोण? देशाच्या सुरक्षेचाही प्रश्न असतो, समुद्रात आपल्या सीमा आहेत, नौदल आहे.

आपल्या माहिती अधिकार कायद्यातही, २००५ च्या, हा विचार आहे. कलम ८(१)(घ) प्रमाणे व्यापारी गुपितं देण्यापासून सूट आहे. पण त्याच कलमात पुढे म्हटलंय की व्यापक लोकहितासाठी आवश्यक असेल तर ती माहिती देता येते. म्हणजे दार बंद आहे, पण कडी आतून-बाहेरून दोन्हीकडून निघते.

मग तोडगा काय? नॉर्वेने आणि ऑस्ट्रेलियाने काढलेला तोडगा मला शाळेतल्या मुलांनाही पटेल असा वाटतो : मुदत. विहिरीची मूळ मोजमापं साधारण २ वर्षं गुप्त, त्यानंतर खुली. कंपनीने त्या मोजमापांवरून स्वतःच्या डोक्याने लावलेला अर्थ जास्त काळ राखून ठेवता येतो. म्हणजे पहिल्या येणाऱ्याला आघाडी मिळते आणि नंतर सगळ्यांना ज्ञान मिळतं. ऑस्ट्रेलियाची समुद्रातल्या विहिरींची खुली झालेली माहिती इंटरनेटवरून विनामूल्य घेता येते. नॉर्वेच्या संकेतस्थळावर तर विहिरीचं नाव टाकलं की ती कधी खोदली, किती खोल, कोरडी की तेलाची, सगळं समोर येतं.

नॉर्वेतलंच आणखी एक उदाहरण. 'व्होल्व्ह' नावाचं छोटं तेलक्षेत्र २००८ ते २०१६ चाललं आणि बंद झालं. २०१८ मध्ये तिथल्या इक्विनॉर कंपनीने त्या क्षेत्राच्या सुमारे ४०,००० फायली विद्यार्थ्यांसाठी आणि संशोधकांसाठी खुल्या केल्या. आज आपल्याकडचा एखादा अभियांत्रिकीचा विद्यार्थीही त्या माहितीवर प्रकल्प करू शकतो. तेल संपलं, पण माहिती अजून उत्पादन देतेय!

एकच माहिती, वेगळे डोळे

माहिती खुली झाल्याने नेमका फायदा काय, याचं उत्तर दोन उदाहरणांत आहे.

राजस्थानात बाडमेर भागात शेल ही जगातली मोठी कंपनी तेलाच्या शोधात होती. ती बाहेर पडली. तोच भाग हाती घेतलेल्या केर्न कंपनीला २००४ मध्ये 'मंगला' हे मोठं तेलक्षेत्र सापडलं. नॉर्वेचं 'योहान स्वेर्ड्रुप' हे प्रचंड क्षेत्र २०१० मध्ये सापडलं, आणि त्यातल्या काही भागाचे परवाने तर १९६५ मध्येच दिले गेले होते! म्हणजे चाळीस-पंचेचाळीस वर्षं माणसं त्याच्या डोक्यावरून जात-येत होती.

जमीन तीच असते. यंत्रं सुधारतात, विचार बदलतात, नवीन माणूस जुन्या आलेखाकडे नव्याने बघतो. पण त्यासाठी जुना आलेख जपलेला आणि बघायला मिळणारा पाहिजे.

शिवाय ही माहिती फक्त तेलापुरती नसते. समुद्रात पवनचक्क्या उभ्या करायच्या तर तळ कसा आहे हे लागतं. कार्बन डायऑक्साइड जमिनीत साठवायचा तर सच्छिद्र खडक कुठे, वरचं झाकण पक्कं कुठे, हे लागतं. हे सगळं जुन्या सर्वेक्षणातून मिळतं.

आता परभणीत परत येऊ

आपल्या पायाखाली काय आहे? वर काळी माती, मग मुरूम, मग काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर पसरले, त्यातून दख्खनचं पठार झालं. गंमत म्हणजे मुंबई हायच्या तेलाच्या चुनखडीखाली पायाला जे खडक आहेत त्यांतही हाच दख्खनचा बेसाल्ट आहे. आपल्या शेतात बोअरच्या गाडीला घाम फोडणारा पाषाण तिकडे समुद्राखाली दडलाय!

हा पाषाण किती जाड? मराठवाड्यात याचं एक पक्कं उत्तर मिळालं, पण मोठी किंमत देऊन. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. ज्यांनी ती पहाट अनुभवली त्यांना वेगळं सांगायला नको. त्यानंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने किल्लारीला ६१७ मीटर खोल विंधन विवर घेतलं. त्यात ३३८ मीटर बेसाल्ट लागला, म्हणजे सुमारे अकराशे फूट, आणि त्याखाली गाळखडकाचा पातळ थर, मग त्याहून कितीतरी जुना कठीण खडक. हे आकडे मला कसे कळले? संशोधकांनी प्रसिद्ध केले म्हणून. एका विवराची नोंद जगासमोर ठेवली गेली आणि त्यावर आजही अभ्यास होतो.

आता याच्या शेजारी आपल्या गावातले बोअर ठेवून बघा. गावागावांत शेकड्यांनी भोकं पडली. एकेक भोक म्हणजे जमिनीच्या पुस्तकाचं एकेक पान. आणि आपण ती पानं वाचली की फाडून टाकतो!

सगळंच अंधारात आहे असं नाही. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निवडक निरीक्षण विहिरींची पाणीपातळी वर्षातून चार वेळा मोजते : जानेवारी, मार्च, मे आणि पावसाळा संपल्यावर. केंद्राच्या जलसंपत्तीविषयक संकेतस्थळावरही भूजलपातळीची माहिती बघता येते. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल अधिनियमात विहिरींच्या आणि खोदयंत्रांच्या नोंदणीचा विचार आहे, आणि ६० मीटरपेक्षा, म्हणजे साधारण दोनशे फुटांपेक्षा जास्त खोल विहिरीला 'खोल विहीर' म्हटलंय. कायदा आहे, यंत्रणा आहे. पण गाडी शेतात उभी असताना त्या रात्रीची नोंद घेणारा माणूस गावातलाच लागतो.

उपक्रम : आमच्या गावाची बोअर-वही

वर सांगितलेल्या प्रसंगानंतर आम्ही वर्गात एक वही सुरू केली. तुम्हीही करू शकता. खर्च फक्त एका दोनशे पानी वहीचा. रकाने असे :

• शिवाराचं नाव आणि जवळची खूण (ओढा, मंदिर, रस्ता)
• बोअर घेतल्याचा महिना व वर्ष
• एकूण खोली किती फूट, केसिंग किती फूट
• माती, मुरूम, लाल गेरू, काळा पाषाण कुठून कुठपर्यंत
• पाणी किती फुटांवर लागलं. लागलं नसेल तर ठळक अक्षरात 'कोरडा'
• उन्हाळ्यात पाणी टिकतं का

जमलं तर दर दहा फुटांवरची भुकटी छोट्या पुडीत भरून, खोली लिहून ठेवा. हाच आपला 'खडकाचा चुरा'. मोठ्या कंपन्या वेगळं काही करत नाहीत. मात्र मुलांना चालू गाडीजवळ पाठवू नका. भुकटी मोठ्या माणसानेच आणून द्यावी.

वही सुरू केल्यावर तिसऱ्याच दिवशी अडचण आली. एका शेतकऱ्याने मुलांना हाकललं. "माझं पाणी किती ते गावभर कशाला? उद्या शेजारी बांधाला लागून बोअर घेईल." मुलं हिरमुसली. मी म्हटलं, बघा, तेलकंपनी जे म्हणते तेच काका म्हणतायत. आता तुम्ही सांगा काय करायचं?

बरीच वादावादी झाली आणि मुलांनीच नियम केला. मालकाची परवानगी असेल तरच नोंद घ्यायची. मालकाचं नाव लिहायचं नाही. पाणी किती लागलं हा आकडा सांगायचा नसेल तर दोन वर्षं रिकामा ठेवायचा. पण खडक कोणता लागला आणि बोअर कोरडा गेला का, एवढं तरी लगेच द्यावं, कारण त्याने कोणाचं नुकसान नाही आणि दुसऱ्याचं घर वाचू शकतं. नॉर्वेचा कायदा आठवीच्या वर्गाने स्वतःच्या अकलेने शोधून काढला म्हणायचा! काकांना हे सांगितल्यावर ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "खडकाचं लिहून घ्या."

वहीत आज सत्तावीस नोंदी आहेत, त्यातल्या अकरा कोरड्या. या वहीवरून पाण्याची जागा सांगता येते असा दावा मी मुळीच करत नाही. ते काम भूवैज्ञानिकांचं. बेसाल्टात पाणी भेगांमध्ये आणि दोन थरांच्या सांध्यात असतं, दहा पावलांवर चित्र बदलतं. पण भूवैज्ञानिक जागा बघायला आले तर त्यांच्यापुढे रिकामे हात नसतील, वही असेल. तिसरा बोअर फेल गेलेल्या त्या मुलाच्या वडिलांनी चौथा घ्यायच्या आधी वही मागवून घेतली. ओढ्याच्या त्या बाजूच्या चारही नोंदी कोरड्या होत्या. त्यांनी चौथा बोअर घेतला नाही. त्या वर्षी हरभऱ्यावरच भागवलं आणि पाणी अडवायला बांधबंदिस्ती केली. वहीने पाणी दिलं नाही, पण एक कर्ज वाचवलं.

मुलांसाठी प्रश्न

१. कोरड्या विहिरीच्या माहितीचा उपयोग कोणाकोणाला होतो?

२. समुद्राची खोली ३०० मीटर असेल तर समुद्रतळावरून प्रतिध्वनी किती सेकंदांनी येईल?

३. माहिती किती काळ गुप्त ठेवावी? कंपनी, सरकार आणि नागरिक अशा तीन गटांत वाद घाला.

४. तुमच्या घरच्या बोअरची खोली किती? कोणाला माहीत आहे? ते कुठे लिहिलेलं आहे का?

चौथा प्रश्न आज घरी पालकांनीच मुलांबरोबर सोडवावा. आजोबांना विचारा, गाडीची जुनी पावती शोधा. सापडलं ते तारखेसह लिहून ठेवा. जमिनीखालचं तेल असो की पाणी, ते एकदा उपसलं की कमी होतं. त्याची माहिती मात्र वाटल्याने कमी होत नाही.